जागलीची रीत

आमच्या प्रार्थनाघरात सालातून एकदा एकमेकाईचे पाय धुवाची रीत होती. माघ महिन्यात, ज्वारी खळ्यातून घरी आली म्हणजे. पयले पाय, मंग प्रभुभोजन.

रीत साहेबानं आणली. साहेब म्हणजे आमचा मिशनरी, अमेरिकेचा. पण त्याच्यात एक कलम आमच्या लोकाईनं आपल्या मनानं घातलं. ज्याचा ज्याच्यावर राग हाये, त्यानं त्याचेच पाय धुवाचे. माणसानं माणसाचे, बाईनं बाईचे. त्याच्यानं व्हाचं काय, का कोणाचं कोणासंग वाजलं हे साऱ्या मंडळीले घंगाळ उचललं का समजे.

सोजरबाई अन् कस्तुराबाई या दोघींचं विहिरीवरून दरसाल भांडण. सोजरबाई घंगाळ घेऊन उठली का बाया पयलेच सरकून कस्तुराबाईपाशी जागा करत.

"लय घासू नको व. मागच्या साली कातडं काढलं माहं."

"मळ जसा, घासणं तसं."

मंग दोघी गळ्यात पडत, "तुले शांती असो" म्हणत. महिनाभर चाले ते. मंग पुन्हा विहीर.

अकरा घरं होतो आमी. रिठदपासून दोन कोसावर. माती-कुडाचं प्रार्थनाघर, वरतं टिनं.

दुसरं कलम साहेबाचं होतं अन् ते पक्कं होतं. हत्यार धराचं नाई. साहेबाची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या लढाईत जात नवती. पयल्या मोठ्या लढाईत साहेब वीस वर्साचा होता. त्याच्या देशात त्याच्या हातात बंदूक दिली, त्यानं ते खाली ठेवली. मंग जेल. हात गजाले बांधून दिवस दिवस उभा केला. हे गोष्ट आमी त्याले इतक्या खेपा सांगाले लावली, का तो कुठं थांबते, कुठं चष्मा पुसते, सारं पाठ होतं. दुसऱ्या गावाले पयलवान असतो तसा आमाले साहेब.

एकदा रामरावनं विचारलं, "साहेब, भेव नाई लागलं?"

"लागलं," साहेब म्हणे. "लय लागलं."

मले ते आवडलं नवतं. मले वाटे, नाई म्हणाले पाह्यजे होतं.

माहं नाव उकंडा. शाळेत दोन वर्ग गेलो. बाकी वाचणं बैलामागं, शुभवर्तमान हातात धरून शिकलो. एकट्यानं शिकलो म्हणून लय घमेंड होती. ते आता सांगून टाकतो, पुढं कामाले येईन.

रामराव माहा जोडीदार. बाप्तिस्म्यात त्याचं नाव याकोब ठेवलं होतं, पण याकोब म्हणून हाक मारली तं तो मांगं वळून पाहे, कोण आलं म्हणून. आमची वावरं धुऱ्याले धुरा, म्हणजे बांधाले बांध, लागून. ज्वारी हुरड्यावर आली का दोघं संगं जागलीले जाऊ. जागल म्हणजे पिकाची राखण. मचानावर बसाचं, गोफण हातात, वावरात काई हाललं का हाका माराच्या.

जागलीची आमच्याकडं एक रीत हाये. हाक मारली अन् पळालं, तं डुक्कर. गोफण फिरव. हाक मारली अन् जाग्यावर थांबलं, तं माणूस. कोणाच्या तरी घरी चूल नाई पेटली. मंग आपण पाठ फिरवाची. उगीच दुसरीकडं तोंड करून तमाखू मळाची. मांगं कणीस मोडल्याचा आवाज येते, कट्, कट्. तो आइकाचा, वळाचं नाई. दुसऱ्या दिवशी तेच माणूस रस्त्यानं भेटलं तं आपूनच आधी राम राम कराचा.

एका पाह्यटे धुक्यात माह्या वावरात हाललं. रामरावनं हाक मारली. पळालं नाई.

"फिर तिकडं," तो मले म्हणे.

"माहं वावर हाये ते!"

"म्हणूनच तुले सांगून राह्यलो."

मी फिरलो, पण मनात कुरकुरलो. रामराव तसा होता. मी वाचे, तो करे.

बेचाळीस साली, दुसऱ्या मोठ्या लढाईत, रिसोडच्या बाजारात पलटणीचे भरतीवाले आले. जपान्याईनं बर्मा घेतला, त्याच टायमाले मंगरूळपीरचा एक माणूस रंगूनहून पायी वापस आला होता. बायको अन् दोन लेकरं घेऊन निंघाला, एकटा पोचला. रामराव त्याले भेटून आला अन् ऐतवारी प्रार्थनाघरात उभा राह्यला.

"साहेब, त्या बाईले, त्या लेकराईले कोणी वाचवाचं?"

साहेबानं चष्मा पुसला. मंग म्हणे, "मले माहीत नाई, रामराव. मले एवढंच माहीत हाये का प्रभूनं आपल्या शिष्याले, पेत्राले, तलवार म्यानात घालाले लावली."

"पेत्रापाशी तलवार तरी होती. मी तं रिकामाच बसलो हाये."

आठ दिवसानं तो गेला. बंदूक घेत नाई म्हणे, खच्चरं हाकतो. बैलं हाकणाऱ्याले काय जड. त्याची माय गोजराबाई गाडीमागं नाल्यापर्यंत गेली. मी नाई गेलो.

सालभरानं त्याची चिठ्ठी आली. आमचे पुंजाजी मास्तर, मंडळीचे वडील, त्याईनं ते साऱ्याईसमोर वाचली. बर्मावाल्या पहाडात हाये. पाणी थांबत नाई. खच्चरं गुणाची हायेत. अन् एक ओळ होती, "वर जाताना गोळ्या नेतो, खाली येताना माणसं आणतो."

त्या ओळीवर दोन ऐतवार भांडण झालं. कोणी म्हणे, गोळ्या खच्चराच्या पाठीवर हायेत, त्याच्या हातात नाईत. कोणी म्हणे, माणसं आणते ते पाहा. पुंजाजी म्हणे, थांबू. साहेबही म्हणे, थांबू, त्याले येऊ द्या.

मी उठलो. एकवीस वर्साचा होतो.

"खच्चराच्या पाठीवर म्हणजे त्याच्याच पाठीवर. खच्चर आपल्या मनानं गेलं का पहाडावर? अन् साहेब, तुमाले गजाले बांधलं तवा तुमी म्हणले होते का, थांबू?"

साहेबानं चष्मा काढला. पुसला नाई, हातात धरून बसला.

मंडळीच्या वहीतून रामरावचं नाव काटाचं का, म्हणून हात वर कराले लावले. सहा घरं काटा म्हणे, पाच नको म्हणे. पुंजाजींनं वहीतून रामरावचं नाव काटलं. आता तो वापस आला तरी साऱ्याईसमोर पाप कबूल केल्याबिगर त्याले ना पाय धुवाचं पाणी, ना प्रभुभोजनाची भाकर.

गोजराबाईनं मले बाहीर गाठलं. "उकंडा, तू माह्या घरी माह्या हातचं जेवला हायेस."

मी म्हणलो, "काकी, नियम हाये."

त्याच्यानंतर पाय धुवाच्या दिवशी ते मांगं भितीले टेकून बसे. तिचा राग माह्यावर. मी माणूस, ते बाई, पाय धुवाची सोय नाई. अन् राग तसाच ठेवून भाकर खाणं तिले पटे ना. दोन माघ ते तशीच उठून गेली.

चव्वेचाळीस साली साहेब तब्येतीमुळं मायदेशी गेला. सेहेचाळीसच्या माघात रामराव आला.

बाशीमच्या टेसनावरून आमच्याच गावची एक दमणी येत होती, तिच्यात बसून आला. मी खळ्यावर होतो. उतरला तवा पयले वळखलंच नाई. एक एक पाय असा ठेवे, जसं खाली निवडुंग हाये.

"काय गा उकंडा," तो म्हणे. "लय मोठा पुढारी झाला म्हणते तू."

"कोण म्हणते?"

"माय म्हणते. चिठ्ठीत लिहून घेतलं होतं तिनं मास्तरकून. चार ओळीची चिठ्ठी, त्यातल्या तीन तुह्यावर."

तो हासला. मले हासता नाई आलं.

मंग म्हणे, "ऐतवारी पाणी हाये ना? मले यावं लागते."

"तुले कबूल करावं लागीन रे."

"त्याच्यासाठीच आलो. लय दूर बसून एकच गोष्ट पाह्यली म्या. मंडळीत बसलो हावो अन् भाकर हातात हाये." अन् म्हणे, "नाई देल्ली तं मी इथं राहत नाई, उकंडा. मायले घेऊन कुठंतरी निंघून जाईन. रोज तुमच्या साऱ्याईच्या समोरून, बाहीरचा म्हणून, मले जाता नाई येणार."

ऐतवारी अकराही घरं आले. लेकरं बाळं सारे. माणसं एका अंगाले, बाया एका अंगाले, मधात पाण्याची घागर, घंगाळं, टावेल. रामराव दारात उभा. आत नाई आला.

पुंजाजी मास्तर सत्तरीचे. त्याईनं वही उघडली अन् बंद केली.

"रामराव, रीत तुले माहीत हाये. बोल बाबा."

"खच्चराईचं मी कबूल करत नाई मास्तर," तो म्हणे. "त्या खच्चराईवर माणसं आणले. दोन माह्याच मांडीवर मेले, बाकीचे जगले. ते पाप हाये म्हणलं तं लबाडी होईन."

माणसाईत कुजबूज झाली. पुंजाजींनं हात वर केला.

"एक दुसरं हाये. ते सांगतो."

त्यानं दाराच्या चौकटीले हात धरला.

"बंदूक गळ्यात होतीच. राखणीपुरती, म्हणे. कधी चालवली नवती. एका पाह्यटे खच्चराईपाशी माहा पहारा होता. धुकं. हरभऱ्याच्या पोत्यापाशी हाललं. माह्या तोंडून आपली हाकच निंघाली, वावरातली. हाऽऽ हुर्र. पलटणीत शिकवलं ते इसरलो अन् हे निंघालं."

माणसाईनं माना वर केल्या.

"पळालं नाई."

अकरा घरातल्या एकूणएक माणसानं कधी ना कधी जागल केली होती. त्याले पुढं सांगाची गरज नवती. तरी त्यानं सांगितलं.

"पळालं नाई म्हणजे माणूस. हे मले समजलं होतं. मागून कोणी म्हणीन, अंधार होता, भेव होतं, लढाई होती. होतं सारं. पण मले समजलं होतं. आपल्या वावरात असतो तं पाठ फिरवली असती. तथी म्या बंदूक चालवली. जवळ जाऊन पाह्यलं तं एवढासा माणूस, हाडं नुसते. जपानी. तोंडात खच्चराचा हरभरा होता. कच्चाच."

त्यानं चौकटीवरचा हात काढला अन् म्हणे, "हे एक हाये."

पुंजाजींनं विचारलं, "हे पाप हाये म्हणते?"

"होय."

"मंग आत ये."

तो आत आला, माणसाईच्या शेवटी बसला. पुंजाजी म्हणे, "पाणी घ्या."

सालोसाल हा शब्द आला का चुळबूळ होते. त्या दिवशी कोणी उठे ना. सोजरबाईनंही घंगाळाले हात नाई लावला. मी पायाकडं पाहत बसलो.

मंग बायाईच्या मागून घंगाळाचा आवाज आला. गोजराबाई उठली होती. तिनं घागरीतून पाणी घेतलं, बायाईच्या मधून निंघाली, अन् सरळ माणसाईच्या अंगाले येऊन माह्यापुढं बसली.

"गोजराबाई," पुंजाजी म्हणे, "बाईनं माणसाचे..."

"मास्तर, ज्याच्यावर राग त्याचे पाय. आता तो माणूस निंघाला त्याले मी काय करू? पाय दे रे."

"काकी, नको."

"पाय दे म्हणते ना!"

तिनं माहा पाय ओढून घंगाळात घातला अन् घासाले लागली, जसं करपलेलं गंज-भांडं घासते.

"दोन माघ मी म्हणलं, माह्या लेकानं काई नाई केलं, ह्या उकंड्यानं उगीच नाव काटलं. आता आइकलं म्या. तुहं बोलणं अर्धं खरं होतं. पण तू खरं हाये म्हणून नाई बोलला. मोठा दिसाले बोलला. त्याचा राग हाये. दुसरा पाय."

मी दुसरा पाय देल्ला. तिनं तो धुतला, टावेलानं पुसला, दोन्ही हात माह्या डोक्यावर ठेवले अन् रडत रडत म्हणे, "तुले शांती असो, मेल्या."

कस्तुराबाई मागून हळूच म्हणे, "मेल्या नसते म्हणत व त्याच्यात."

एक दोघं हासले. गोजराबाईही हासली, नाक पुसत.

"गेला माहा राग," ते म्हणे. "आता तुहा कोणावर हाये ते पाहा."

मी म्हणणार होतो, कोणावर नाई. तोंड उघडलंही. अन् मले समजलं का माहा राग चार सालापासून रामराववर होता.

घंगाळ घेतलं. पाणी भरलं. त्याच्यापुढं बसलो. बसता बसता पाणी सांडलं.

"तू काहून?" तो म्हणे. "नाव तं माहं काटलं. राग माहा असाले पाह्यजे."

"तुहा हाये?"

"होता. तथी इतकं काई होतं, का तो कुठं पडला मालूम नाई."

"माहा हाये," मी म्हणलो. साऱ्याईले आइकू जाईन असा म्हणलो, कारण नाव काटा म्हणलो तवाही साऱ्याईले आइकू जाईन असाच म्हणलो होतो. "भरतीवाले आले तवा मी गेलो नाई. भेवानं. शास्त्रानं नाई. मंग तू गेला. तुहं जाणं बरोबर असतं तं मी फक्त भेकड ठरतो. म्हणून ते पाप ठरवणं मले भाग होतं. साहेबाले भेव लागलं होतं तरी तो गजापाशी उभा राह्यला. मले भेव लागलं अन् मी तुहं नाव काटलं."

 रामरावनं बूट काढले, मंग पायाची फडकी सोडली.

मी ते पाय पाह्यले. डाव्याले दोन बोटं नवती. तळवे पांढरे, फुगलेले, जागोजाग चिरा. पाण्यातल्या बुटात महिने महिने राह्यलेले पाय. ह्याच पायानं तो ढेकळातून माह्यापुढं पळे. घासता येईना. नुसतं पाणी सोडत राह्यलो वरतून, हातानं.

"गुदगुल्या होते रे," तो म्हणे.

मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. त्यानं मानेले धरून उठवलं अन् म्हणे, "शांती असो. आता पुरे. घंगाळ सांडते."

मंग भाकर.

आमची भाकर ज्वारीचीच. सकाळी केलेली, कडक झालेली. पुंजाजी तोडून एक एक तुकडा देते. आमच्यात एक नेम हाये, सारे संगं खाते. सगळ्याईच्या हातात आली, पुंजाजी "घ्या" म्हणले, का मंग.

तुकडे वाटता वाटता पुंजाजी रामरावपाशी आले. थांबले. आमी सारे पाहून राह्यलो होतो. गोजराबाई तं अर्धी उठलीच होती. पुंजाजींनं तुकडा तोडला अन् त्याच्या हातावर ठेवला.

रामराव त्या तुकड्याकडं पाहत राह्यला.

पुंजाजी जाग्यावर जाऊन उभे झाले. "घ्या" नाई म्हणले. रामरावचा हात मांडीवरून उठत नवता. त्यानं एकदा तोंडापर्यंत नेला, वापस आणला.

"मास्तर, तुमी खा," तो म्हणे. "मले नाई जमून राह्यलं. त्याच्या तोंडात..."

"संगंच खाऊ," पुंजाजी म्हणे. "घाई नाई."

थांबलो. उन्हं दारातून सरकून घागरीपर्यंत आली. लेकरं चुळबुळ कराले लागली. एका पोट्ट्यानं तुकडा चाटला तं सोजरबाईनं टपली मारली. अन् सारे रामरावकडं पाहत होते. प्रेमानंच पाहत होते. पण बत्तीस-पस्तीस माणसं पाहत होती, अन् तो तुकडा मुठीत धरून खाली मान घालून बसला होता, जसं धुक्यात कोणी जाग्यावर थांबते.

मी उठलो. भितीकडं तोंड केलं अन् त्याच्याकडं पाठ करून खाली बसलो.

माह्या मांगं कपड्याईचा आवाज झाला. बाजूचा म्हातारा फिरला. मंग त्याच्या बाजूचा. बांगड्या वाजल्या, बाया फिरल्या. लेकराले कोणी खांद्याले धरून फिरवलं, "तिकडं नाई, इकडं पाहा." गोजराबाई शेवटी फिरली असंन, कारण तिच्या पाटल्या साऱ्यात मांगून वाजल्या. मंग पुंजाजींची काठी भुईवर सरकली.

मी भितीवरचा सारवणाचा पट्टा पाहत होतो. तमाखू असती तं मळली असती.

लय वेळ काईच नाई.

मंग आवाज आला. कट्.

अन् मंग चावल्याचा. हळू हळू.

कोणी वळलं नाई. पुंजाजी मास्तर भितीकडं तोंड करूनच म्हणे, "घ्या."

मंग आमी खाल्लं.